वाणी, लेखणी आणि यंत्र : बाबासाहेबांची भाषणे आपल्यापर्यंत कशी आली?

सन १९३८ च्या जानेवारी महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरास आले असता येथील ख्रिस्ती समाजापुढे त्यांचे एक भाषण झाले. रेव्हरंड गंगाधर जाधव हे त्या सभेचे अध्यक्ष होते. येवल्याच्या घोषणेला त्या वेळी दोन वर्षे उलटून गेली होती आणि बाबासाहेब कोणत्या धर्माकडे वळणार याविषयी देशभर तर्कवितर्क चालू होते. धर्मांच्या तौलनिक अभ्यासानंतर बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपले मन वेधून घेतले आहे, अशा आशयाचे विधान त्यांनी या सभेत केले. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या अठरा वर्षे आधी, सोलापूरसारख्या गिरणगावात, ख्रिस्ती श्रोत्यांपुढे उच्चारलेले हे नाव आपल्या इतिहासात किती मोलाचे आहे हे वाचकांस सांगावयास नको. ते भाषण ‘जनता’ पत्राच्या ५ फेब्रुवारी १९३८ च्या अंकात प्रसिद्ध झाले.

सभा जानेवारीत, छपाई फेब्रुवारीत. मधल्या काळात ते भाषण कोणाच्या तरी वहीत होते. ती वही आज आपल्यासमोर नाही. आपल्यासमोर आहे तो छापील मजकूर. बाबासाहेबांचे शब्द म्हणून आपण जे वाचतो, पाठ करतो, भिंतीवर लिहितो आणि वादात पुरावा म्हणून पुढे करतो, त्यातील फार मोठा भाग असा कोणाच्या तरी कानातून आणि हातातून उतरलेला आहे. तो कान कसा होता, हात कोणाचा होता, त्या हाती कोणती लिपी होती आणि कोणते यंत्र होते, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे.

हा प्रश्न बौद्धांना नवा नाही. किंबहुना आपल्या धम्मसाहित्याची उभारणीच त्याच्यावर झाली आहे. प्रत्येक सुत्ताच्या आरंभी ‘मी असे ऐकले’ अशी नोंद असते. हे सांगणारा ‘मी’ म्हणजे आनंद स्थविर, असे परंपरा मानते. पहिल्या संगीतीत राजगृह येथे महाकस्सपांनी उपालींना विनय विचारला आणि आनंदांना धम्म विचारला. आणि विचारताना नुसते ‘काय सांगितले?’ एवढेच विचारले नाही, तर कोठे सांगितले, कोणाला उद्देशून सांगितले, हेही विचारले. अट्ठकथा सांगतात की, भगवंतांचा उपस्थाक होण्यापूर्वी आनंदांनी ज्या अटी घातल्या त्यांत एक अट अशी होती की, आपल्या गैरहजेरीत दिलेले प्रवचन भगवंतांनी आपल्याला पुन्हा सांगावे. वृत्तांत घेणाऱ्या माणसाची जबाबदारी याहून नेमकेपणाने कोणी ओळखली असेल असे वाटत नाही. थेरगाथेत आनंदांच्या नावावर असलेल्या गाथांत ते सांगतात की, आपल्याजवळ ८४,००० धम्मस्कंध आहेत. त्यांपैकी ८२,००० भगवंतांकडून घेतलेले व २,००० भिक्खूंकडून घेतलेले. आकडा पारंपरिक आहे हे खरे. पण स्रोत वेगवेगळे नोंदवण्याची शिस्त पाहण्यासारखी आहे.

आनंदांचे नाव सर्वांना ठाऊक असते. खुज्जुत्तरेचे नाव मात्र आपल्या विहारांतून क्वचितच ऐकू येते. ती कोसंबीच्या उदेन राजाच्या सामावती राणीची दासी. अंगाने कुबडी, म्हणून खुज्जा. राणीसाठी फुले आणण्याचे काम तिच्याकडे होते. राणीला अंतःपुराबाहेर जाण्याची मोकळीक नव्हती, दासीला होती. ती भगवंतांचे प्रवचन ऐकून येई आणि अंतःपुरातील स्त्रियांना जसेच्या तसे सांगे. सांगताना तिला उच्चासनावर बसवीत आणि राणी खाली बसून ऐके, असे धम्मपदाच्या अट्ठकथेत आले आहे. ‘इतिवुत्तक’ या ग्रंथातील ११२ सुत्ते तिच्या मुखातून आली अशी परंपरा आहे, आणि बहुश्रुत उपासिकांत भगवंतांनी तिला अग्रस्थान दिले. रोममध्येही असाच एक दास होऊन गेला. सिसेरो या प्रसिद्ध वक्त्याचा लेखक टायरो हा जन्माने गुलाम, इ.स.पू. ५३ मध्ये तो मुक्त झाला. युरोपातील जुन्या लघुलेखनाच्या चिन्हांना त्याचेच नाव मिळाले. इ.स.पू. ६३ मध्ये रोमच्या सिनेटमध्ये केटोने केलेले भाषण वेगाने लिहिणाऱ्यांनी टिपून घेतले, असे प्लूटार्कने नोंदवले आहे. मोठ्यांची वाणी जपून ठेवणारे हात दोन्हीकडे दास्यातूनच आले, ही गोष्ट विचार करावयास लावते.

पालीला स्वतःचे एक लघुलेखनही आहे. पोथीत एकच मजकूर पुनःपुन्हा येऊ लागला की लेखक ‘पे’ एवढे एकच अक्षर लिहून पुढे जातो. ‘पेय्याल’ या शब्दाचे ते संक्षिप्त रूप. पाठ करणाऱ्या भाणकाला पुनरुक्ती हवी असते, कारण तिच्या आधाराने स्मरण चालते. ताडपत्रावर कोरणाऱ्याला ती नको असते. इ.स.पू. पहिल्या शतकात वट्टगामणी राजाच्या काळी सिंहलद्वीपात आलुविहार येथे तिपिटक लिपिबद्ध झाले, तेव्हा ऐकण्याची परंपरा लेखणीच्या स्वाधीन झाली. आणि आज छापील आवृत्तीत ‘पे’ आला की काय वगळले आहे हे विद्यार्थ्याला मागे जाऊन शोधावे लागते.

लेखणीच्या दोषाची कबुली देणारा पहिला राज्यकर्ता सम्राट अशोक होय. चौदाव्या शिलालेखात तो सांगतो की, काही लेख संक्षिप्त आहेत, काही मध्यम, काही विस्तृत. काही गोष्टी गोड वाटतात म्हणून पुनःपुन्हा लिहिल्या आहेत आणि काही ठिकाणी मजकूर अपुरा राहिला असेल तर त्याला लिपिकराची चूकही कारण असेल. हा चौदावा लेख सोलापूरच्या वाचकांना परका वाटू नये. पंढरपुरास जिला चंद्रभागा म्हणतात ती आपली भीमा नदी कलबुर्गी जिल्ह्यात उतरली की तिच्या काठी सन्नती हे गाव लागते. तेथील चंद्रलांबा मंदिराच्या आवारात, देवीच्या मूर्तीखाली बैठक म्हणून वापरलेल्या शिळेवर अशोकाचे लेख सापडले, ते १९८० नंतरच्या दशकात. त्या शिळेवर हा चौदावा लेखही आहे. लिपिकराच्या चुकीची कबुली शतकानुशतके मूर्तीच्या भाराखाली दबून होती!

आता अलीकडच्या काळाकडे वळू. आज ज्याला आपण लघुलेखन म्हणतो त्याचा पाया आयझॅक पिटमन या इंग्रज शिक्षकाने १८३७ साली घातला. त्याची कल्पना साधी होती : शब्दाची अक्षरे लिहू नका, ध्वनी लिहा. इंग्रजी लिपीत एकच ध्वनी अनेक प्रकारे लिहिला जातो, म्हणून तिकडे ही कल्पना क्रांतिकारक ठरली. पालीच्या अभ्यासकाला तिच्यात ओळखीचे काही दिसते. पिटमनच्या पद्धतीत ‘प’ आणि ‘ब’ यांची रेघ एकच. ‘प’ची बारीक, ‘ब’ची ठळक. तसेच ‘त’ आणि ‘द’, ‘च’ आणि ‘ज’, ‘क’ आणि ‘ग’. अघोष वर्ण बारीक, घोष वर्ण जाड. कच्चायनाच्या व्याकरणात पालीची ४१ अक्षरे सांगून व्यंजनांचे वर्ग आणि घोष-अघोष भेद मांडले आहेत. पिटमनने त्याच भेदाला पेन्सिलीच्या दाबात बसविले. स्वरांसाठी टिंबे आणि लहान रेघा. आणि शब्द ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळ छेदून खाली उतरला आहे यावरूनही स्वर ओळखता येतो. नेहमीच्या शब्दांना एकेक ठरलेले चिन्ह. सरावलेला लेखक घाईत बहुतेक स्वर गाळतो आणि केवळ व्यंजनांचा सांगाडा लिहितो. वेग येतो तो यातून.

आणि धोकाही यातूनच येतो. मराठीत पिटमनच्या धर्तीवर चिन्हे बसविताना ट-ठ-ड-ढ-ण आणि ळ यांची, तसेच महाप्राणांची सोय करावी लागली, ती झाली. परंतु स्वर गाळण्याची अडचण मराठीत वेगळीच आहे. ‘म-ह-र’ एवढा सांगाडा वहीत राहिला, तर तो महार, माहेर आणि मोहोर यांपैकी कोणता? संदर्भ सांगतो, असे लघुलेखनाचे शिक्षक म्हणतात, आणि बहुधा तो सांगतोही. पण ‘व-त-न’ घ्या. वतन की वेतन? बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्या लढ्याचा सगळा प्रश्नच हा होता की, गावाची आणि सरकारची अहोरात्र सेवा करणाऱ्या महाराला वतनाच्या नावाखाली बांधून ठेवावयाचे की कामाचे वेतन द्यावयाचे. एका वाक्यात दोन्ही शब्द दोनदोनदा येतात. येथे संदर्भ मदत करीत नाही. विषय जाणणारा माणूसच मदत करतो. ज्याच्या घरात वतनाची कामे केली गेली आहेत असा लघुलेखक आणि केवळ परीक्षा उत्तीर्ण झालेला लघुलेखक यांच्या वह्या सारख्या असल्या, तरी त्यांचे वाचन सारखे असेलच असे नाही.

मग प्रश्न येतो की, मुंबई इलाख्यात हे कौशल्य होते कोणाच्या सेवेला? प्रामुख्याने विधिमंडळाच्या, न्यायालयांच्या, मोठ्या पेढ्यांच्या आणि पोलिसांच्या. बेळगाव येथे १ मे १९१६ रोजी व अहमदनगर येथे ३१ मे व १ जून रोजी लोकमान्य टिळकांनी स्वराज्यावर मराठीत भाषणे केली. सरकारी माणसांनी टिपून घेतलेल्या मजकुराच्या आधारे पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले. बॅरिस्टर जिना यांनी टिळकांची बाजू मांडली. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. सुटे शब्द न पाहता भाषणांचा एकूण परिणाम पाहिला पाहिजे, ही भूमिका त्या निकालात महत्त्वाची ठरली. मराठी वाणी, सरकारी टिपण आणि त्याचे इंग्रजी भाषांतर अशा तीन चाळण्यांतून गेलेल्या शब्दावर माणसाची सुटका किंवा शिक्षा अवलंबून होती. वक्त्याचे बोलणे अधिक काळजीपूर्वक कोण ऐकतो, मित्र की पहारेकरी, याचे उत्तर इतिहासकाराला नेहमीच सोयीचे असते असे नाही. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेब आणि अस्पृश्यांची चळवळ यांविषयीच्या साधनांचा जो पहिला खंड काढला, त्यात सरकारी दप्तरातील आणि वृत्तपत्रांतील नोंदी एकत्र केल्या आहेत. ज्यांनी पाळत ठेवली त्यांच्या कागदांतून आपल्याला तारखा, ठिकाणे आणि सभांचा तपशील मिळतो.

चळवळीच्या स्वतःच्या हाती काय होते? ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झाला आणि १९२३ मध्ये बंद पडला. ‘बहिष्कृत भारत’ निघाला ३ एप्रिल १९२७ रोजी. मधल्या काळात, १९२४ साली, सोलापूर जिल्ह्यातच बार्शी येथे बहिष्कृतांची प्रांतिक परिषद झाली आणि बाबासाहेबांचे तेथे भाषण झाले. ते छापावयास त्या वेळी आपले असे पत्र नव्हते. त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात वसतिगृह काढले. त्या वसतिगृहातील मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालविले होते. सभेत काय बोलले गेले ते आपल्या हाताने लिहून ठेवणारी पिढी अशा ठिकाणी तयार होत होती.

‘बहिष्कृत भारत’ चालविताना चोवीस चोवीस रकाने एकट्याने लिहून काढावे लागतात, हे बाबासाहेबांनीच नमूद केले आहे. अशा पत्राला पगारी लघुलेखक कोठून परवडणार? तथापि या पत्राची एक जमेची बाजू होती. महाडच्या डिसेंबर १९२७ च्या परिषदेतील भाषण ‘बहिष्कृत भारता’च्या ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात आले, तेव्हा वक्ता आणि संपादक एकच होते. नंतरच्या ‘जनता’विषयी तसे म्हणता येत नाही. हे पत्र २४ नोव्हेंबर १९३० रोजी निघाले. त्या सुमारास बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते.

येथे एक विपरीत गोष्ट ध्यानात येते. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी १९३६ साली तयार केलेले भाषण बाबासाहेब प्रत्यक्षात कधी बोललेच नाहीत. सभाच रद्द झाली. पण त्याचा पाठ सर्वांत भक्कम, कारण तो त्यांनी स्वतः लिहून छापला. संविधान सभेतील इंग्रजी भाषणांचा पाठ जवळजवळ तितकाच भक्कम, कारण तेथे शब्दशः वृत्तांत घेणारे शासकीय लघुलेखक होते. आणि ज्या मराठी भाषणांनी सोलापूर, बार्शी, नाशिक, महाड येथील सामान्य माणूस उभा राहिला, जी प्रत्यक्षात बोलली गेली आणि हजारोंनी ऐकली, त्यांचा पाठ सर्वांत सैल. ज्या भाषेत ते आपल्या माणसांशी बोलले त्याच भाषेला लघुलेखक मिळाला नाही.

सैल म्हणजे खोटा नव्हे. परंतु वृत्तांत लिहिणारा कित्येकदा ‘डॉ. आंबेडकर म्हणाले की’ असे सांगून तृतीय पुरुषात मजकूर देतो, अर्धा तास एका परिच्छेदात आणतो, सभेतील विनोद गाळतो आणि बोलीचे ग्रांथिक मराठी करतो. बाबासाहेब जनसमुदायाशी बोलताना घरगुती दाखले देत, म्हणींचा वापर करीत. छापील मजकुरात त्यांचे किती उरते हे वृत्तांतलेखकाच्या रुचीवर अवलंबून. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू भगवंतांकडे तक्रार घेऊन आले की, नाना कुळांचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात. ते आम्ही छंदात बसवू का? भगवंतांनी त्यांना नकार दिला आणि ‘सकाय निरुत्तिया’, म्हणजे आपल्या भाषेत, धम्म शिकावा अशी अनुज्ञा दिली. ‘आपल्या’ म्हणजे बुद्धांच्या की शिकणाऱ्यांच्या, यावर विद्वानांत वाद आहे. आम्हांला शिकणाऱ्यांच्या भाषेचा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. पण दोन्ही अर्थांनी एक गोष्ट उघड आहे : शब्दाला प्रतिष्ठित भाषेचा पोशाख चढविण्याचा मोह वृत्तांत घेणाऱ्याला तेव्हाही होत होता.

या बाबतीत खुद्द बाबासाहेबांचे मत काय होते? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी बुद्धवचनाच्या चुकीच्या वृत्तांतावर स्वतंत्र विवेचन केले आहे. भगवंत हयात असतानाही त्यांच्या म्हणण्याचा विपर्यास होत असे, हे दाखविण्यासाठी त्यांनी मज्झिमनिकायातील पाच सुत्तांचा निर्देश केला : अलगद्दूपम, महाकम्मविभंग, कण्णकत्थल, महातण्हासंखय आणि जीवक. यांतील कण्णकत्थल सुत्त लघुलेखनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. पसेनदी राजा भगवंतांना विचारतो की, सर्व काही जाणणारा कोणी असूच शकत नाही असे आपण म्हणाल्याचे ऐकतो, ते खरे काय? भगवंत सांगतात की, आपण तसे म्हटले नव्हते. एकाच वेळी सर्व जाणणारा कोणी नाही असे म्हटले होते. एक ‘एकाच वेळी’ गळला आणि विधान उलटले. राजा लगेच विचारतो की, ही बातमी राजवाड्यात कोणी पसरविली? वृत्तांताची चूक आणि तिच्या उगमाचा शोध, दोन्ही त्या सुत्तात आहेत.

हे लिहिताना बाबासाहेबांसमोर आपल्या स्वतःच्या भाषणांचे वृत्तांतही असतील काय? तीस वर्षे सभा गाजविलेल्या आणि दर आठवड्याला आपलेच शब्द दुसऱ्याच्या लेखणीतून वाचलेल्या माणसाला हा विषय केवळ ग्रंथातून सुचला असेल असे आम्हांला वाटत नाही. दुसऱ्या बाजूने, शब्दशः वृत्तांत म्हणजे काय याचाही त्यांना उत्तम अनुभव होता. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या समारोपाच्या भाषणात भिक्खुसंघाला संसदीय कार्यपद्धती अवगत होती, हे त्यांनी बैठकीची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी इत्यादींचा उल्लेख करून सांगितले. संघाच्या कामकाजात ञत्ति होती, कम्मवाचा होती, शलाकांनी मतदान होते. लेखनिक मात्र नव्हता. ठराव तीनदा उच्चारला जाई आणि उपस्थितांचे मौन हीच संमती मानली जाई. संघाचे ते ज्ञान बाबासाहेबांनी सांगितले त्या क्षणी सभागृहातील शासकीय लघुलेखक ते लिहून घेत होते, म्हणूनच ते आज आपल्या हाती आहे. त्याच भाषणात त्यांनी मसुदा तयार करणाऱ्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांच्या, मध्यरात्रीनंतरही चाललेल्या श्रमांची आठवण ठेवली. पुढे दिल्लीत नानकचंद रत्तू यांनी बाबासाहेबांच्या हस्तलिखितांचे टंकलेखन रात्री जागून केले, हे सर्वश्रुत आहे.

यंत्रे तोवर आली होती. पण ती सभेच्या मांडवात पोचली नव्हती. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. डेन्मार्कच्या पोल्सेनने तारेवर चुंबकीय मुद्रण करून दाखविले ते १८९८ साली. परंतु सामान्यांच्या ओळखीची झाली ती ग्रामोफोनची तबकडी, आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. दोन तासांच्या भाषणाला अशा चाळीस बाजू लागल्या असत्या! गाणे तबकडीवर आले, भाषण राहून गेले. अमेरिकेतील न्यायालयांत विसाव्या शतकात लघुलेखनाचे कळफलक-यंत्र रुळले. पण ते रोमन अक्षरांसाठी घडविलेले. चुंबकीय फीत जर्मनीत १९३५ च्या सुमारास व्यवहारात आली आणि महायुद्धानंतर नभोवाणी केंद्रांनी ती उचलली. म्हणून बाबासाहेबांचा आवाज आपल्याला मिळतो तो आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतला आणि बराचसा इंग्रजीत; बी.बी.सी.ने १९५५ साली घेतलेली मुलाखत हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतले आहे असे सांगणारे त्यांचे आकाशवाणीवरील भाषण ३ ऑक्टोबर १९५४ चे.

नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेले दीर्घ मराठी भाषण वाचकांपर्यंत गेले ते छापील रूपाने, ‘प्रबुद्ध भारत’च्या २७ ऑक्टोबरच्या अंकातून. त्याच वर्षी, बुद्धजयंतीच्या मुहूर्तावर, ब्रह्मदेशात रंगून येथे सहाव्या संगीतीची सांगता झाली होती. तेथे महासी सयाडो प्रश्न विचारीत आणि मिंगुन सयाडो तिपिटक मुखोद्गत सांगत, अगदी महाकस्सप आणि आनंद यांच्याप्रमाणे. आणि तोच पाठ मुद्रणालयात जाई. या संगीतीचा पाठ पुढे इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकाच्या चकतीवर आणला. मुख, ताडपत्र, छापखाना, चकती.

मराठी लघुलेखनाला राजाश्रय मिळाला तो महाराष्ट्र राज्य झाल्यावर. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर मराठी टंकलेखक आणि लघुलेखक यांची गरज कचेऱ्याकचेऱ्यांतून निर्माण झाली. मिनिटाला ६०, ८०, १००, १२० शब्द अशा पायऱ्यांच्या परीक्षा होऊ लागल्या. सोलापुरात, इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी होत्या तशाच, जिन्यावरच्या खोल्यांतून टंकलेखनाच्या संस्था चालत आणि गिरणी कामगारांची मुले मॅट्रिकनंतर तेथे दाखल होत. १९४३ साली बाबासाहेबांनी केंद्रीय सेवांत मिळविलेल्या ८ १/३ टक्के राखीव जागांपासून जो रस्ता खुला झाला, त्यावरून कचेरीत जाणाऱ्या अनेकांच्या हाती पहिले हत्यार होते ते टंकलेखनाचे प्रमाणपत्र. आपल्या समाजातील या पिढीवर कोणी लिहीत नाही. साहेबाचे शब्द लिहून घेण्यात त्यांची नोकरी गेली. पण रविवारी विहारात, जयंतीच्या सभेत, कार्यकर्त्यांच्या बैठकीत तीच वही उघडली जाई. यथावकाश टंकलेखन यंत्राची जागा संगणकाने घेतली. आज खिशातला भ्रमणध्वनी सबंध सभा ध्वनिमुद्रित करतो आणि बोललेले मराठी आपोआप अक्षरांत उतरवणारी साधनेही आली आहेत. त्यांचीही चूक ‘धम्मा’चा ‘धर्म’ करण्यात होते, हे वापरणाऱ्यांनी पाहिले असेल.

खैरमोडे यांनी चरित्राच्या खंडांतून आणि मा. फ. गांजरे यांनी भाषणांच्या संग्रहांतून जे जमविले, आणि २००२ साली शासनाच्या अठराव्या खंडाच्या तीन भागांत मराठी भाषणांचे जे संकलन आले, त्यावाचून आपले काम एक पाऊलही चालणार नाही. वसंत मून यांनी या ग्रंथमालेसाठी वेचलेले आयुष्य सर्वांसमोर आहे. आता पुढचे काम पाठचिकित्सेचे आहे. महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथे भगवंतांनी चार महापदेश सांगितले. कोणी म्हणेल की हे मी प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले, कोणी म्हणेल संघाकडून, कोणी अनेक बहुश्रुत स्थविरांकडून, कोणी एका स्थविराकडून. त्याचे लगेच अभिनंदन करू नये, धिक्कारही करू नये. पदे आणि व्यंजने नीट समजून घेऊन ती सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावीत. बाबासाहेबांच्या भाषणांच्या बाबतीत याचे रूपांतर सरळ आहे. प्रत्येक भाषणाशेजारी नोंद हवी : स्वतः लिहिलेले, शासकीय लघुलेखकाने शब्दशः घेतलेले, त्यांच्याच संपादनाखाली छापलेले, वृत्तपत्राचा सारांश, पोलिसांची नोंद, की नंतर आठवणीतून सांगितलेले. दोन पत्रांत दोन वृत्तांत असतील तर ते समोरासमोर छापावेत. सोलापूरच्या १९३८ च्या भाषणापासून आरंभ करता येईल. ते भाषण मोठे नाही.

आणि एक तातडीचे काम आहे. लघुलेखनाची वही लिहिणाराच नीट वाचू शकतो. प्रत्येकाने आपल्या सोयीची चिन्हे बसविलेली असतात, स्वर गाळलेले असतात. ती पिढी आता वृद्ध झाली आहे आणि घर आवरताना या वह्या ‘काहीतरी गिरवलेले कागद’ म्हणून रद्दीत जातात. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी त्या फेकू नयेत. लिहिणारे हयात असतील तर त्यांच्याकडून पानावर तारीख, ठिकाण, वक्त्याचे नाव आणि लघुलेखनाची पद्धत लिहून घ्यावी, आणि शक्य झाल्यास त्यांच्याच तोंडून ते पान वाचून घेऊन भ्रमणध्वनीवर मुद्रित करावे. वही आणि ध्वनिमुद्रण दोन्ही एकत्र ठेवावीत. एकाच्या आधाराने दुसरे तपासता येते.